खांबाच्या पलीकडे

बाई : तिथंच! खांबाच्या पुढे पाऊल टाकायचं नाही.

सर : अगं, खांबाला टेकू तरी देशील? दम लागलाय.

बाई : टेका. पण पलीकडच्या बाजूनं. वारा कुठून आहे?

सर : तुझ्याकडून माझ्याकडे. आल्या आल्या बोट ओलं करून बघितलं. बायकोशी बोलायच्या आधी वाऱ्याची दिशा बघावी लागेल, हे लग्नात कुणी सांगितलं नव्हतं हं.

बाई : मीच सांगितलं होतं. तुम्ही हसला होतात.

सर : मला वाटलं, लाडात बोलतेयस.

बाई : लाडात आले की मी खडकांविषयीच बोलते. तेव्हाच ओळखायचं होतं. गोळ्या घेतल्या?

सर : घेतल्या.

बाई : दोन्ही?

सर : दोन्ही. आणि चालतोयसुद्धा. डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं, कुठपर्यंत ते नाही सांगितलं. ते माझं मी ठरवलं. पंपघरापासून तुझ्या खिडकीखालच्या रस्त्यापर्यंत. तुझ्या खालचा शिंपी रोज विचारतो, "साहेब, मिटलं नाही का अजून?"

बाई : मग काय सांगता?

सर : सांगतो, चाचणी संपली की मिटेल. तो विचारतो, कोर्टात आहे का? म्हटलं, कोर्ट परवडलं.

बाई : हसवू नका. तुम्ही हसलात की छाती धरता, मला वरून दिसतं.

सर : सवय झालीय धरायची. दुखत नाही.

बाई : मी विचारलं का?

सर : नाही. ऑपरेशन झाल्यापासून एकदाही नाही.

बाई : स्वेटर तोच घातलाय ना, पंपघरातला?

सर : दुसरा आहे कुठे? दुसरे सगळे तुझ्याकडे, पिशवीत बांधून. आज थंडी आहे. तुझ्या खिडकीला काच नाही, तू काय घालतेस?

बाई : मला काम आहे, थंडी वाजत नाही. आज शेवटचे नमुने. सातही विहिरींचे घेतले की संपलं. संध्याकाळपर्यंत यंत्र आकडे देईल, उद्या समिती बसेल.

सर : आणि मी खांब ओलांडीन.

बाई : आंघोळ करून.

सर : आंघोळ करून, बाई, आंघोळ करून. थांब, गाडी येतेय. पांढरी. संस्थेची आहे. अगं, आपला चिखल्या उतरतोय!

बाई : संचालक म्हणा. आता त्याच्या बुटात आपलं तोंड दिसतं.

सर : ये रे, ये! हात नको मिळवूस, लांबूनच नमस्कार. हां, तिथंच.

संचालक : सर! तब्येत कशी आहे? आणि असे रस्त्यात का उभे? वर चला ना.

सर : मला वर मज्जाव आहे.

संचालक : अजून?

बाई : अजून म्हणजे काय? चाचणी अजून चालू आहे. चिखल्या, जिन्यावर पाय ठेवायच्या आधी सांग. पंपघरात गेला होतास?

संचालक : नाही बाई. वर्षभरात तिकडे फिरकलो नाही.

बाई : काल? काल तर अख्खी संस्था तिथं नटूनथटून फोटोला उभी होती. शिपायापासून सगळे.

संचालक : काल मी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेलो होतो. गाडी उशिरा आली, माझा फोटो हुकला.

बाई : बरं झालं. ये वर. बूट दाराबाहेर काढ.

संचालक : बसायला जागा कुठेय पण? सगळीकडे या नळ्या.

बाई : त्या पेटीवर बस. नमुन्यांची पेटी आहे, हलव्या बुडाचा असशील तर उभाच राहा. चहा?

संचालक : नको. बाई, मी थोडं खासगी बोलायला आलोय. खिडकी लावू?

बाई : लावू नकोस. ते बिचारे एवढं चालून आलेत.

सर : मोठ्यानं बोला रे! मला अर्धंच ऐकू येतंय!

बाई : बघ. आता आधी माझं ऐक. उद्या समितीत शाळेचे मुख्याध्यापक आहेत, दोन वकील आहेत, दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई आहेत. एकालाही खडक कळत नाही. त्यांना काय सांगणार आहेस? म्हणून दाखव.

संचालक : बाई, आता परीक्षा घेणार?

बाई : घेणार.

संचालक : सांगणार, की सिमेंटच्या कारखान्याच्या धुराड्यातून जो कार्बनचा वायू आकाशात जातो, तो आम्ही पकडतो. दाबून दाबून जमिनीत खोल सोडतो. तिथं खारं पाणी धरून बसलेला खडक आहे, वायू त्याच्या छिद्रांत मुरतो. त्याच्यावर चिकणमातीच्या खडकाचा जाड थर आहे, झाकणासारखा. झाकणाच्या वर गोडं पाणी. ते सगळं गाव पितं.

बाई : आणि झाकण धड आहे हे कशावरून?

संचालक : वायूबरोबर आम्ही चिमूटभर खूणवायू मिसळतो. त्याला वास नाही, रंग नाही, एरवी तो इथं कुठे सापडत नाही. सर पंपघरात तो मिसळतात, बाई वरच्या विहिरींतून पाण्याचे नमुने घेतात. सहा महिने हे चाललंय. वरच्या पाण्यात खूण दिसली, तर खालून वाट आहे. दिसली नाही, तर झाकण पक्कं.

बाई : छान. आणि मग?

संचालक : मग काय?

बाई : मग सात नंबरच्या विहिरीत खूण दिसली. ते वाक्य कुठे गेलं?

संचालक : ते... त्यासाठीच आलोय.

बाई : हं. ते बूट बघूनच वाटलं मला.

संचालक : बाई, रागावू नका. नीट विचार करून बोलतोय. सरांचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर आठवड्याभरानं सातमध्ये खूण आली. बरोबर?

बाई : बरोबर.

संचालक : दवाखान्यात सरांचे पंपघरातले कपडे होते. पंपघरातली माणसं येत-जात होती. आता तो वायू कसा चिकटतो ते तुम्हीच आम्हाला शिकवलंय. बाहीला लागतो, केसांत बसतो, श्वासातून येतो. तुम्ही उद्या एवढंच म्हणायचं, की मी दवाखान्यात गेले होते. बस. त्यानंतरचे नमुने समिती बाजूला ठेवेल. चाचणी पार पडेल.

बाई : मी गेले नव्हते.

संचालक : माहीत आहे. पण नवऱ्याची छाती उघडलीय आणि बायको भेटायला गेली, यात तुमच्यावर कोण बोट ठेवणार? उलट लोक डोळे पुसतील.

बाई : मी गेले नव्हते, चिखल्या.

संचालक : पण ते खरं वाटणार कुणाला?

बाई : माझ्या लेकीला खरं वाटलं. तिनं माझा फोन उचलणं सोडलं. नणंदेला वाटलं. ती दवाखान्यातून फोन करून म्हणाली, वहिनी, दगडाच्या पोटात शिरून शिरून तुझंही तसंच झालं. जावयानं तर तेवढेही शब्द खर्च केले नाहीत. एवढ्या माणसांना खरं वाटलंय. समितीलाही वाटेल.

सर : अरे, मीच नको म्हटलं होतं तिला! स्ट्रेचरवरून फोन केला. म्हटलं, तू आलीस तर माझा इतक्या दिवसांचा घाम वाया जाईल. बरा होऊन तोंड कुणाला दाखवू?

संचालक : सर, तुम्ही शांत उभे राहा. तुम्हाला जोरात बोलायची मनाई आहे.

सर : मला वर जायची मनाई आहे, बोलायची नाही!

संचालक : बाई, तुम्ही आंघोळ करून, कपडे बदलून, कुणाचं तरी नवं काहीतरी अंगात घालून गेला असतात तर? परत येऊन पुन्हा आंघोळ. वायू उरला नसता. तुम्हालाही माहितीय.

बाई : माहितीय. वायू उरला नसता. शंका उरली असती. आज तू इथं आला असतास तो ती शंका हातात घेऊन. आता तुला ती माझ्याकडून उसनी मागावी लागतेय. हा फरक आहे.

संचालक : त्या दिवशी तुम्ही काय केलंत?

बाई : नमुन्यांचा दिवस होता. नमुने घेतले. नळीचा चाप नीट बसला याची खात्री वाटेना, म्हणून प्रत्येक चाप पुन्हा आवळला. सातजवळ पोचले तेव्हा शाळा सुटली होती. पोरं नळावर पाणी पीत होती, एकमेकांच्या अंगावर उडवत होती. मी तिथं बसून राहिले. मग यांच्या बहिणीचा निरोप आला, शुद्धीवर आले म्हणून. मग उठले.

संचालक : बाई...

बाई : कळवळू नकोस. पुढचं बोल. तुझ्या मनात आणखी आहे.

संचालक : आहे. तुम्हाला ते आवडणार नाही. तुम्ही उद्या "गळती आहे" म्हणालात, की त्यापुढचं कुणी ऐकणार नाही. कुठे आहे, केवढी आहे, का आहे, काही नाही. जमिनीत भरलेला वायू वर येतो, एवढंच चार गावं लक्षात ठेवतील. मग पुढची वीस वर्षं कुणी जमिनीला भोक पाडू देणार नाही. धुराडी चालूच राहतील. तुम्ही जन्मभर ज्याच्यासाठी झिजलात, ते तुमच्याच तोंडानं बुडेल. मी काय लबाड म्हणून आलो नाही, बाई. मला हे काम व्हायला हवंय.

बाई : मला नकोय का? अरे, तू चड्डीत होतास तेव्हा मी हे बोलायला लागले. "जमिनीत हवा भरणारी बाई" म्हणायचे मला. विभागप्रमुखांनी खोली दिली ती जिन्याखालची, मोडक्या खुर्च्यांशेजारची. कागदपत्रं ठेवायला टेबल नव्हतं, खुर्च्यांवरच ठेवली. परिसंवादात माझं नाव आलं की लोक चहाला उठायचे. तेव्हा मी एकटी म्हणत होते, की खडकाला पोट आहे, त्यात हे मावेल. अजूनही म्हणते. मावेल!

संचालक : मग?

बाई : मग त्या पोटाला कुणीतरी जुनं भोक पाडून ठेवलंय, ते बुजवा आणि मग भरा! झाकण फाटलेलं नाही. सातच्या आसपास कुणीतरी कधीकाळी तेल बघायला म्हणून खोल खणलंय, काही मिळालं नाही, वर माती लोटून निघून गेलेत. नकाशावर नाही, कुणाच्या आठवणीत नाही. त्याच्यातून येतंय. खूण सातमध्ये, दर आठवड्याला थोडी थोडी जास्त, आणि दुसरीकडे कुठेही नाही. एका बुचाचं काम आहे, चिखल्या. भोक शोधायचं, साफ करायचं, सिमेंट ओतायचं. तुझ्या त्या कारखान्याकडे सिमेंटची टंचाई आहे का?

संचालक : त्याला वर्ष जाईल.

बाई : जाऊ दे.

संचालक : कारखाना थांबणार नाही. दुसरीकडे जाईल.

बाई : जाऊ दे! आणि थांबायचं नसेल तर एक कर. सातच्या नळाखाली ओंजळ धरून रोज पाणी पी. हा वायू मुरला की पाणी आंबट होतं. आंबट पाणी खडकातून काय काय उचलून आणतं, ते तुला मी पाठ करून घेतलं होतं. पोरांना नाही ते पाठ. त्यांना नुसती तहान लागते.

संचालक : ते आज-उद्या होणार नाहीये. अजून फक्त खूण आलीय, बाकी काही नाही.

बाई : म्हणून तर खूण टाकतो ना आपण! मागून वायूचं गाडं यायच्या आधी कळावं म्हणून.

सर : बरोबर बोलतेय ती!

संचालक : सर, तुम्ही नेहमी बाईंचीच बाजू घेता.

सर : इतक्या लांबून दुसरं काय घेता येतं?

संचालक : बरं. मी सगळंच सांगतो. पुढचा टप्पा मंजूर झाला, तर त्याच्या प्रमुख तुम्ही. निवृत्ती वगैरे बाजूला. स्वतंत्र इमारत, तुमची माणसं, तुमची यंत्रं. आणि पहिलं काम म्हणून तुम्ही ते भोक शोधा, बुजवा. गुपचूप. दोन्ही होईल.

बाई : गुपचूप.

संचालक : हो.

बाई : म्हणजे मी खोटं बोलून मोठ्या खोलीत जायचं, आणि तिथं बसून खरं शोधायचं. मला जिन्याखालची बरी होती. तिथं नुसत्या खुर्च्या मोडलेल्या होत्या.

संचालक : बाई, तुम्ही हट्टाला पेटलाय.

बाई : पेटलेय. तुला त्या स्वेटरची आठवण आहे का रे?

संचालक : आली का ती गोष्ट.

बाई : येणारच. तुमची तुकडी, पहिली चाचणी, तेव्हा खडकातली पाण्याची वाट शोधत होतो, पहाटेची कडाक्याची थंडी. ह्या विद्यार्थी महाशयांना हुडहुडी भरली, म्हणून यांनी पंपघरातून यांचा स्वेटर—

सर : माझा! मी दिला होता! पोरगं काकडलेलं बघवेना.

बाई : यांचा स्वेटर अंगात घालून हा सगळ्या विहिरी फिरून आला. संध्याकाळी यंत्राला लावले नमुने. आणि काय दिसलं?

संचालक : खूण.

बाई : कुठे?

संचालक : सगळीकडे.

बाई : सगळ्या विहिरींत! मी वेडी तीन दिवस नाचले, की खडकातून वाट सापडली. मग तुझ्या अंगावर तो स्वेटर बघितला. आख्खा हंगाम गेला. तू विहिरीच्या काठच्या चिखलात बसून रडलास, चिखलासकट उठलास, म्हणून तुझं नाव चिखल्या पडलं. आणि त्या दिवशी नियम झाला, की खूण टाकणारा आणि नमुना घेणारा एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहणार नाहीत. तुझ्या स्वेटरानं केलेला नियम आम्ही नवराबायको पाळतोय. आता सांग, विद्यार्थ्या. अंगाला लागलेली खूण कुठे दिसते?

संचालक : हात लागेल तिथं.

बाई : आणि मी सातला कधी जाते?

संचालक : शेवटी. एकपासून सुरू करून.

बाई : मग एक कोरी, दोन कोरी, सहापर्यंत कोऱ्या, आणि माझी बाही काय फक्त सातलाच जाऊन घासते? दर आठवड्याला? थोडी थोडी जास्त?

संचालक : या पेटीची कडी सैल झालीय, बाई.

बाई : कडी राहू दे. म्हणजे तुलाही हे इथं यायच्या आधीपासून कळलेलं आहे.

संचालक : मला कळून काय उपयोग? उद्या ते विचारणार, नमुने कुणी घेतले. सरांच्या बायकोनं. खूण कुणी टाकली. तिच्या नवऱ्यानं. बाई, तुम्ही एकमेकांपासून किती लांब राहिलात, हे त्या खोलीत कुणाला पटवून देणार? वकील हसतील हो.

बाई : हसतील?

संचालक : हसतील. आणि मला तुमच्यावर कुणी हसलेलं बघवणार नाही.

बाई : हे आता खरं बोललास. बरं, मग माझे नमुने नकोत. चालेल. ऊठ त्या पेटीवरून.

संचालक : म्हणजे?

बाई : ऊठ. पेटीत आजच्या नळ्या आहेत, धुतलेल्या, टोकं बांधलेली. ही तिची किल्ली. झेल!

संचालक : बाई, अहो, मी... मी हातानं नमुना घेऊन किती वर्षं झाली.

बाई : तुझ्यासारखा हात माझ्या एकाही विद्यार्थ्याला नव्हता. स्वेटर सोडला तर.

संचालक : दुसऱ्या कुणाला पाठवतो मी. प्रयोगशाळेतला—

बाई : कुणाला? सगळे काल पंपघरात दात काढून फोटोला उभे होते. मीच मोजले फोटोत. एकच माणूस नाही त्यात.

संचालक : हा डाव आहे, बाई.

बाई : हो.

संचालक : आणि मी नाही म्हटलं तर?

बाई : तर शेवटचा नमुना नाही. शेवटचा नमुना नाही तर चाचणी पुरी झाली नाही. पुरी झाली नाही तर समितीनं मंजूर काय करायचं? हा नियम मी केलेला नाही, संचालकसाहेब. खाली तुमची सही आहे.

सर : आता कसं!

संचालक : आणि सात कोरी निघाली तर?

बाई : तर उद्या मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगेन, माझं चुकलं, भरा. टाळ्यासुद्धा वाजवीन. मला याहून मोठा आनंद नाही.

संचालक : आणि खूण निघाली तर?

बाई : तर ते तू सांगायचंस. तुझ्या तोंडानं, तुझ्या हातच्या नमुन्यावरून. तुझी बायको पंपघरात काम करत नाही. तुझ्यावर कुणी हसणार नाही.

संचालक : तुम्हाला काय वाटतं, मी सांगेन?

बाई : मला काय वाटायचंय? चिखलात बसलेल्या पोराला मी विचारलं होतं, स्वेटर कुणाचा? ते खोटं बोलू शकलं असतं. स्वेटरवर नाव नव्हतं.

संचालक : बाई, तुम्ही घ्या ना आजचा नमुना. मी शेजारी उभा राहतो. साक्षीदार म्हणून. तेही चालेल.

बाई : हं. ते चालेल, म्हणून तर मला ती वाट बंद करायला हवी. सरक बाजूला.

संचालक : कुठे निघालात? बाई! जिन्यावर काळोख आहे, सावकाश!

(जिन्यावर तिची पावलं वाजतात. संचालक खिडकीशी येतो, किल्ली अजून हातात.)

सर : अगं... अगं, खांब! तू खांबाच्या किती जवळ आलीस! वारा फिरलाय, मागे हो!

बाई : फिरू दे.

संचालक : बाई, थांबा! आजचे नमुने राहिलेत अजून! सर, तुम्ही तरी सांगा!

सर : मी कधी काही सांगितलंय आणि तिनं ऐकलंय?

बाई : तो स्वेटर काढा.

सर : अगं, हा पंपघरातला आहे. हाच घालून मी काल रात्रीपर्यंत खूण मिसळत होतो. ह्याच्या धाग्याधाग्यात—

बाई : म्हणून तर मागतेय. काढा. आणि बटणं लावून घ्या तुमची, वारा लागेल.

सर : घे. हात घाल. दुसरा. झालं. आता तू आज कुठल्याही विहिरीजवळ जायच्या लायकीची राहिली नाहीस.

बाई : ऐकलंस का रे, चिखल्या? मी बाद झाले! आता तुझ्याशिवाय कुणी नाही!

संचालक : दिसतंय मला! सगळ्या रस्त्याला दिसतंय!

सर : शिंपी बाहेर आला बघ. काय हो? हो, मिटलं! मिटलं आमचं!

संचालक : बाई... नळीतून आधी पाणी वाहू द्यायचं असतं ना? किती वेळ?

बाई : ओवी तीनदा म्हणून होईपर्यंत. की विसरलास?

संचालक : घड्याळ आहे माझ्याकडे.

बाई : घड्याळ बघणाऱ्याला घाई सुटते. ओवी म्हण.

संचालक : इथं? खिडकीतून?

बाई : मला ऐकायचीय. येतेय का बघायचंय.

संचालक : खाली खडक काळोखा, त्यात पाण्याचं चालणं... कानी पडे ना कुणाच्या...

बाई : हं, पुढे?

संचालक : दगडाशी ते बोलणं.

बाई : येतेय. जा आता. ऊन चढायच्या आत एक नंबरला पोच.

संचालक : खाली आलोय, पेटी घेऊन गाडीजवळ आहे. तुम्ही तिथंच थांबा दोघं! माझ्याकडे येऊ नका! ड्रायव्हर, काच वर घे. वर घे रे!

सर : बघ, बघ, तोही आता आपल्याला घाबरतो.

बाई : बूट राहिले त्याचे वर, दाराबाहेर.

सर : अनवाणी गेला?

बाई : जाऊ दे. सातजवळ चिखल आहे.

संचालक : बाई! सात शेवटी ना?

बाई : सात शेवटी! आणि चाप पुन्हा आवळ!

सर : गेला. काय वाटतं तुला, सांगेल उद्या?

बाई : गाडीत ओवी म्हणत होता. ओठ हलत होते.

सर : सूर कधीच नव्हता त्याला.

बाई : सुराचं काय करायचंय? तीनदा म्हणाला म्हणजे झालं.

सर : हा स्वेटर तुला गुडघ्यापर्यंत येतो.

बाई : येऊ दे. उबदार आहे. तुमचा वास आहे याला. ग्रीसचा, आणि त्या औषधाचा.

सर : लेकीला फोन करायचा का? माझ्या फोनवरून केला तर उचलेल.

बाई : संध्याकाळी करू. आकडा आल्यावर. जो येईल तो तिला सांगू.

सर : चल मग, वर चहा पाजतेस का, की खांबालाच टेकून राहू?

बाई : थांबा जरा. दम खाऊ द्या. जिना उतरताना पळाले मी.

सर : तू? पळालीस?

बाई : टाके दुखतात का हो अजून?

सर : हे आत्ता विचारतेस?

बाई : आधी विचारलं असतं, तर राहवलं नसतं.